वाळवंटाच्या कडेने कयाक : कच्छच्या किनाऱ्यावरील स्वतंत्र सफरीचे नियोजन

दारव्ह्याहून अरबी समुद्र सरळ रेषेत मोजला तरी पाचशेहून अधिक किलोमीटर दूर आहे. यवतमाळ जिल्ह्यातील या गावी पाणी म्हटले म्हणजे तालुक्यातून वाहणारी अडाण नदी, फार तर शेजारच्या दिग्रसचे अरुणावती धरण. भरती-ओहोटी ही तेथे भूगोलाच्या पुस्तकातली गोष्ट. असे असले तरी समुद्रातील कयाक सफरीची आखणी करण्यास असे गाव मुळीच गैरसोयीचे नाही. या प्रवासातील बरीचशी कामे नकाशा, पंचांग, भरतीचे तक्ते आणि अर्ज यांचीच असतात आणि ती घरच्या टेबलावर उरकावी लागतात. किनाऱ्यावर पोहोचल्यावर सुचलेल्या गोष्टींचा फारसा उपयोग होत नाही.

समुद्री कयाक म्हणजे पाच मीटरांच्या आसपास लांबीची, जेमतेम दोन फूट रुंदीची, वरून झाकलेली आणि दुपाती वल्ह्याने चालवावयाची नौका. पुढे-मागे हवाबंद कप्पे असतात व त्यांत आठवड्याचे सामान मावते. सहल कंपनीची व्यवस्था किंवा सोबत चालणारी मोटरबोट न घेता केलेल्या प्रवासास स्वतंत्र सफर म्हणतात. अशा सफरींसाठी जगात वाळवंटी किनारे विशेष प्रसिद्ध आहेत. मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियाचा पूर्व किनारा हे त्यांचे नेहमीचे उदाहरण. भारतात या वर्णनाशी जुळणारा किनारा एकच, तो म्हणजे कच्छचा.

या किनारपट्टीला कयाक अगदीच नवखी नाही. ऑस्कर स्पेक नावाचा जर्मन तरुण १९३२ साली डॅन्यूब नदीवरील उल्म येथून घडीच्या कयाकमधून निघाला. सायप्रसच्या तांब्याच्या खाणीत काम मिळवावे, एवढाच त्याचा मूळ बेत होता. प्रत्यक्षात तो इराणचे आखात आणि मकरानचा उजाड किनारा पार करून सिंधकडे आला आणि पुढे भारताच्या पश्चिम किनाऱ्याने श्रीलंकेला गेला. वाटेत त्याला हिवतापाने गाठले. सात वर्षांनी, सप्टेंबर १९३९ मध्ये, तो ऑस्ट्रेलियाच्या हद्दीतील सैबाई बेटावर उतरला तेव्हा महायुद्ध सुरू झाले होते आणि शत्रूराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याची रवानगी थेट नजरकैदेत झाली. अलीकडच्या काळात मुंबईच्या कौस्तुभ खाडे याने २०१५-१६ च्या हिवाळ्यात द्वारका ते कन्याकुमारी हे सुमारे तीन हजार किलोमीटरचे अंतर कयाकने कापले. शांजली शाही हिने त्याच वेळी किनाऱ्याच्या रस्त्याने सायकलवरून साथ दिली. द्वारकेची ही सुरुवात लक्षात घेण्याजोगी आहे. द्वारकेच्या उत्तरेला कच्छचे आखात लागते आणि तेथून पुढे प्रश्न केवळ दंडातील बळाचा उरत नाही.

किनाऱ्याचे तीन तुकडे

कच्छचा किनारा नकाशावर सलग दिसतो, परंतु नौकेतून पाहता तो तीन निराळे प्रदेश आहेत. पूर्वेकडे, मुंद्र्यापासून कांडल्यापर्यंत, आखात अरुंद होत जाते. तेथे चिखल, तिवरे, खाड्यांची जाळी आणि मोठ्या बंदरांकडे जाणारी अजस्र जहाजे आहेत. वळण्यास व थांबण्यास जहाजांना कित्येक किलोमीटर लागतात आणि कयाक तर त्यांच्या रडारवर धडपणे उमटतही नाही. हा भाग सफरीस सर्वस्वी अयोग्य समजावा.

मधला तुकडा मांडवीपासून पश्चिमेस पिंगळेश्वरपर्यंतचा. वाळूचे लांबच लांब पट्टे, मागे बुटक्या टेकड्या, बाभळीची खुरटी झाडे, अधूनमधून पवनचक्क्या आणि किनाऱ्यापासून काही अंतर आत वसलेली लायजा, सुथरी यांसारखी गावे. मांडवी हे रुक्मावती नदीच्या मुखावरचे जुने बंदर. लाकडी गलबते बांधण्याचे काम तेथे काही शतके चालत आले आहे आणि कच्छी मालमांच्या, म्हणजे जहाजाची दिशा सांगणाऱ्या जाणत्यांच्या, हस्तलिखित पोथ्यांचा अभ्यास इतिहासकार आजही करतात.

पिंगळेश्वराच्या पुढे जखौपासून तिसरा तुकडा सुरू होतो. मिठागरे, पुन्हा चिखल, मग कोरी खाडी आणि तिच्यापलीकडे सर क्रीक. १६ जून १८१९ च्या भूकंपाने याच प्रदेशात अल्लाहबंद नावाचा उंचवटा उभा केला, सिंधूच्या एका फाट्याचे पाणी तुटले आणि लखपतसारखे भरभराटीचे बंदर ओस पडले. आज तेथे भारत-पाकिस्तान सीमा आहे, आणि सर क्रीकमधील हद्दीचा वाद अद्याप मिटलेला नाही.

अर्थात नियोजनास योग्य असा टप्पा मांडवी ते पिंगळेश्वर आणि, परवानगी मिळाल्यास, जखौ बंदर एवढाच उरतो. किनाऱ्याच्या वळणांसह हे अंतर ऐंशी-नव्वद किलोमीटर भरते. ते ऐकून निराश होण्याचे कारण नाही. लादलेली कयाक तासाला पाच किलोमीटर जाते आणि दिवसाचे पाच तास वल्हवणे ही सरासरी माणसाची मर्यादा होय. म्हणजे प्रवासाचे चार दिवस. त्यांत वाऱ्यासाठी राखून ठेवावयाचे तीन दिवस मिळवले म्हणजे आठवड्याची सफर होते. हे तीन राखीव दिवस ज्याच्या रजेत बसत नाहीत त्याने ही सफर पुढच्या वर्षावर टाकणे इष्ट; सोमवारी कामावर हजर व्हावयाचे आहे म्हणून वाऱ्यात नौका लोटणे हे समुद्रावरील अपघातांचे अगदी नेहमीचे मूळ आहे.

भरतीचे गणित

कच्छच्या आखातात भरती-ओहोटीतील फरक मुखाशी तीन-चार मीटर असतो आणि आत कांडला-नवलखीकडे उधाणाला तो सहा-सात मीटरांपर्यंत पोहोचतो. एवढे पाणी सहा तासांत आत येते व सहा तासांत बाहेर जाते. साहजिकच अरुंद भागात प्रवाहाचा वेग चार नॉटपर्यंत वाढतो. कयाकचा वेग साधारण तीन नॉट. तेव्हा विरुद्ध प्रवाहात वल्हवणारा मनुष्य घामाघूम होऊन मागे मागे सरकत असतो, हे नुसत्या वजाबाकीने कळते.

पाणी एकसारख्या गतीने चढत नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. एकूण चढाचे बारा भाग कल्पिले, तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या व चौथ्यात प्रत्येकी तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात पुन्हा एक भाग पाणी वाढते. चार मीटरांच्या भरतीत मधल्या दोन तासांतच दोन मीटर पाणी चढते. रात्रीच्या मुक्कामासाठी तंबू कोठे ठोकावा आणि नौका किती वर ओढून बांधावी, याचा निर्णय या हिशेबाने घ्यावयाचा असतो. वाळूवर सुकलेल्या शेवाळाची जी शेवटची रेघ दिसते ती कालच्या भरतीची. परवा पौर्णिमा असेल तर पाणी तिच्याही वर येणार.

कोकणात जुनी मंडळी तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता, अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या सुमारास. पंचांग हाताशी असलेल्या दारव्ह्याच्या माणसालाही हे जमण्यासारखे आहे आणि ढोबळ बेत ठरवण्यास ते पुरे पडते. मात्र हा हिशेब कोकणपट्टीचा आहे. आखातात जसजसे आत जावे तसतशी भरती उशिरा येते. मुखाच्या मानाने कांडल्याला दीड-दोन तासांचा फरक पडतो. म्हणून अंतिम वेळा भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-तक्त्यांवरूनच घ्याव्यात. खोलीसाठी डेहराडूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाचे सागरी नकाशे पाहावेत. रस्त्यांच्या नकाशावर निळा रंग सर्वत्र सारखाच असतो, त्यावरून उथळ वाळूचे बांध कळत नाहीत.

आता पाऊणपटीच्या या हिशेबातून सफरीचा महिन्यातील मुहूर्तच निघतो. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, म्हणजे चढ-उतार कमी आणि प्रवाह सौम्य. भरती पहाटे-सकाळी पूर्ण होते आणि मग दुपारपर्यंत ओहोटी चालते. ओहोटीचे पाणी आखातातून पश्चिमेकडे बाहेर जाते आणि मांडवीहून जखौकडे जाणाराही पश्चिमेलाच निघालेला असतो. सकाळी काठाशी आलेल्या पाण्यात नौका सहज लोटता येते, पुढे चार-पाच तास प्रवाह साथ देतो आणि दुपारी समुद्रावरून वारा उठण्याच्या आत दिवसाची मजल पुरी होते. उतरताना मात्र ओहोटी असल्याने लादलेली नौका ओल्या वाळूवरून बरीच वर न्यावी लागते. ती तीस-पस्तीस किलोची आणि सामान वेगळे. दोन-तीन खेपा होणारच. लहान चाकांची घडीची गाडी याकरिता सोबत असावी. प्रवाह वळण्याची वेळ आणि भरती पूर्ण होण्याची वेळ सर्वत्र तंतोतंत एक नसते, त्यामुळे पहिल्या दिवशी तक्ता आणि प्रत्यक्ष यांतील फरक वहीत टिपून घ्यावा आणि पुढच्या दिवसांचा बेत त्याप्रमाणे सुधारावा.

गोडे पाणी

वाळवंटी किनाऱ्यावर सफरीची लांबी वल्हवणाऱ्याच्या ताकदीने ठरत नाही, नौकेत मावणाऱ्या गोड्या पाण्याने ठरते. हिवाळ्यातही माणशी रोज पाच लिटर पिण्यास आणि एक लिटर स्वयंपाकास धरावे. आठवड्याचे बेचाळीस लिटर, म्हणजे तेवढेच किलो. एवढे वजन कयाकमध्ये बसते, परंतु ते सारे एकदम भरून निघणे शहाणपणाचे नाही. सुथरीसारख्या गावांत पाणी मिळते. किनाऱ्याजवळच्या विहिरी पुष्कळदा मचूळ असतात, त्यामुळे गावच्या नळाचे किंवा टाकीचे पाणी विचारून घ्यावे आणि ते उकळून अथवा गाळून वापरावे. बेत असा करावा, की पुढच्या गावी काहीच मिळाले नाही तरी तीन दिवसांचे पाणी हाती उरेल. एखाद्या दिवशी हा साठा त्याखाली आला, तर त्या दिवशी पुढे न जाता पाणी आणावयास जावे.

गाव किनाऱ्यापासून तीन-चार किलोमीटर आत असते. एकटा मनुष्य पाण्याला गेला की नौका उघड्यावर पडते आणि भरती कोणासाठी थांबत नाही. दोघे असल्यास हा प्रश्नच उद्भवत नाही. या किनाऱ्यावर एकट्याने जाऊ नये असे सांगण्यामागे धाडसाविषयीचा आकस नाही, घागर कोणी आणावयाची आणि नौका कोणी राखावयाची एवढाच साधा हिशेब आहे.

पाणी मोठ्या एकाच पिंपात न भरता दोन-दोन, चार-चार लिटरच्या पिशव्यांत भरावे. एखादी फुटली तर नुकसान तेवढेच होते. त्या पिशव्या बैठकीच्या लगत, तळाशी ठेवाव्यात. हेच वजन नौकेला स्थिर राखते. उलट चौथ्या दिवशी पाणी संपत आले की तीच नौका हलकी होऊन वाऱ्याने भरकटू लागते आणि नवख्याला वाटते की आपलाच हात बिघडला. रिकाम्या पिशव्यांत समुद्राचे पाणी भरून ठेवणे हा त्यावरचा उपाय, मात्र त्यांवर ठळक खूण हवी. भांडी समुद्राच्या पाण्याने घासावीत. ते पाणी पिण्याचा मोह तहानेच्या कोणत्याही अवस्थेत होऊ देऊ नये. बाष्पीभवनामुळे या आखाताचे पाणी खुल्या समुद्रापेक्षाही खारट आहे.

परवानगी आणि सीमा

२६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर हल्ला करणारे अतिरेकी ‘कुबेर’ ही पोरबंदरची मासेमारी नौका बळकावून आले होते. तेव्हापासून गुजरातच्या किनाऱ्यावर अनोळखी लहान नौकेकडे कोणत्या नजरेने पाहिले जाते, हे निराळे सांगावयास नको. कच्छमध्ये तर तटरक्षक दल, सीमा सुरक्षा दल आणि सागरी पोलीस या तिन्हींची गस्त असते. भल्या पहाटे निर्जन वाळूवर, न ओळखू येणाऱ्या नौकेतून दोन माणसे उतरताना दिसली तर त्यांची चौकशी होणे क्रमप्राप्त आहे. ती होऊ नये अशी अपेक्षा न ठेवता, ती पाच मिनिटांत संपावी अशी तयारी ठेवावी.

त्यासाठी निदान दीड-दोन महिने आधी भूजच्या जिल्हा प्रशासनाकडे व पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज द्यावा आणि त्याच्या प्रती तटरक्षक दलाला व मांडवी आणि जखौच्या सागरी पोलीस ठाण्यांना पाठवाव्यात. अर्जात नावे, ओळखपत्रांच्या प्रती, नौकांचे रंग व छायाचित्रे, निघण्याचा दिवस, प्रत्येक मुक्कामाची अपेक्षित जागा आणि पोहोचण्याची शेवटची तारीख असावी. पोच घेतलेली प्रत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून अंगावर बाळगावी, कप्प्यात नव्हे. जखौच्या पुढील खाड्यांचा विचार अर्जातही आणू नये. आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावरील सागरी राष्ट्रीय उद्यान १९८२ सालापासून संरक्षित आहे; तेथील निर्जन बेटांवर वनखात्याच्या व प्रशासनाच्या परवानगीवाचून उतरता येत नाही. ओख्याहून मांडवीकडे आखात ओलांडण्याची कल्पना नकाशावर मोहक दिसते. अंतर जेमतेम पन्नास किलोमीटर. परंतु त्यास दहा तास लागतात, तेवढ्यात प्रवाह निदान एकदा उलटतो आणि वाटेत जहाजांचा मार्ग आडवा येतो. त्या वाटेस जाऊ नये.

सीमेचा प्रश्न कागदी नाही. समुद्रात हद्दीची रेघ दिसत नाही; इंजिन बंद पडलेली किंवा प्रवाहाने वाहवलेली नौका पलीकडे जाते आणि पाकिस्तानच्या सागरी सुरक्षा यंत्रणेच्या हाती सापडते. अशा मच्छीमारांच्या याद्या दोन्ही देश २००८ च्या करारानुसार दरवर्षी १ जानेवारी व १ जुलै रोजी एकमेकांना देतात. त्या याद्यांत गुजरातच्या नौकांवर खलाशी म्हणून गेलेले पालघर जिल्ह्यातील आदिवासी असतात आणि शिक्षेची मुदत संपल्यावरही वर्षानुवर्षे तेथेच अडकलेले असतात. त्यांतील डहाणू तालुक्यातील एकाचा २०२४ साली कराचीच्या तुरुंगात मृत्यू झाला. पोटासाठी गेलेल्यांची ही गत होते, तेव्हा हौसेसाठी जाणाऱ्याने जखौ ही शेवटची जागा मानावी आणि वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहत असेल त्या दिवशी किनाऱ्यापासून काहीशे मीटरांपलीकडे जाऊच नये.

संपर्कसाधनांबाबत परदेशी पुस्तकांचा सल्ला येथे जसाच्या तसा चालत नाही. उपग्रह दूरध्वनी व उपग्रहावरून संदेश पाठवणारी यंत्रे परवान्याशिवाय बाळगणे भारतात गुन्हा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यात परदेशी पाहुण्यांना अशा यंत्रांवरून विमानतळावर अडवण्यात आले होते. सागरी व्हीएचएफ संचालाही परवाना लागतो. आणीबाणीचा संदेश देणारे ४०६ मेगाहर्ट्झचे यंत्र घ्यावयाचे तर त्याची नोंदणी करावी लागते. त्या व्यवस्थेचे भारतातील नियंत्रण केंद्र बंगळूरला इस्रोकडे आहे. मोबाइल चालेल तेथे तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक लागतात.

ऋतू, सराव, सामान

मोसम नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेर. मार्चनंतर दुपारचे वारे चढतात आणि उन्हाचा तडाखा सुरू होतो. मे-जून तर वादळांचे. ‘बिपरजॉय’ १५ जून २०२३ रोजी जखौजवळच जमिनीवर आले. हिवाळ्यात रात्री कडाक्याच्या असतात. जखौच्या वाटेवरील नलिया हे गुजरातमधील सर्वांत थंड गावांपैकी एक आहे, हे वाळवंट म्हणून नुसती चादर घेऊन जाणाऱ्याला पहिल्याच रात्री उमगते. (त्याच नलियाजवळच्या लाला अभयारण्यात माळढोक असत, पाहावयास थांबण्याइतके ते आता दिसत नाहीत.) लाटा व वाऱ्याचा अंदाज हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेकडून रोज प्रसिद्ध होतो. मोबाइलला संपर्क मिळेल त्या प्रत्येक ठिकाणी तो पाहावा.

सराव कोठे करावा? धरणाच्या स्थिर पाण्यात, जलसंपदा विभागाची परवानगी घेऊन, वल्हवण्याचा पल्ला वाढवता येतो आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे उलटलेल्या नौकेतून बाहेर पडून पुन्हा तीत चढण्याची सवय करता येते. अंगावर जीवरक्षक जाकीट, नौका पाण्याने भरलेली, सोबत्याची मदत नाही, अशा स्थितीत पाच मिनिटांच्या आत वर चढता आले पाहिजे. हे जमेपर्यंत भूजचे तिकीट काढू नये. परंतु धरणात लाट नसते. म्हणून त्यानंतर एखादा आठवडा मालवण-तारकर्लीच्या बाजूला, जाणकारांच्या देखरेखीखाली, फुटत्या लाटेतून बाहेर पडण्याचा व काठाला लागण्याचा सराव अनिवार्य समजावा.

नौका नेण्याचा प्रश्न दिसतो तेवढा बिकट नाही. स्पेकच्या काळापासून घडीच्या कयाक मिळत आल्या आहेत. दोन पिशव्यांत मावणारी अशी नौका बडनेरा किंवा अकोल्याहून रेल्वेने अहमदाबादला, तेथून भूजला आणि पुढे साठ किलोमीटर रस्त्याने मांडवीला नेता येते. अखंड सांगाड्याची नौका मजबूत खरी, पण तिच्यासाठी ट्रक लागतो. सामानात राखीव वल्हे, पाणी उपसण्याचा पंप, गळती बुजवण्याची चिकटपट्टी, होकायंत्र, आरसा, शिटी, जलसंजीवनीची पाकिटे, लांब बाह्यांचे कपडे आणि रुंद काठाची टोपी यांना पहिली जागा द्यावी. सावलीसाठी एक पांढरी ताडपत्री हवीच; झाड मिळेल या भरवशावर राहू नये. उथळ पाण्यात पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चालावे, म्हणजे वाळूत दडलेला पाकट मासा आधीच सरकतो. रात्री खाण्याच्या पिशव्या कप्प्यात बंद कराव्यात. कोल्हे व भटकी कुत्री यांना पोळ्यांचा वास दुरून येतो.

निघण्यापूर्वी घरी एक कागद ठेवावयाचा असतो. त्यावर मार्ग, मुक्काम, सोबत्यांची नावे, नौकांचे रंग आणि एक निश्चित दिवस व वेळ लिहिलेली असते. त्या वेळेपर्यंत निरोप आला नाही तर घरच्यांनी वाट न पाहता १५५४ वर कळवावयाचे असते. हा कागद वाचणाऱ्याला समुद्राची माहिती असण्याची गरज नाही, घड्याळ कळले की पुरे. राखीव तीन दिवस धरूनच ही वेळ लिहावी, नाही तर वाऱ्यामुळे सुथरीला निवांत बसलेल्यांच्या शोधासाठी जखौहून तटरक्षक दलाची नौका निघते. आणि पिंगळेश्वराच्या वाळूवर नौका ओढून झाल्यावर, चहाच्याही आधी, मांडवीच्या सागरी पोलीस ठाण्याला, जखौला आणि दारव्ह्याला असे तीन दूरध्वनी करावेत.